बारा आण्यांचा पॉइंट

मांजरा नदीच्या खोऱ्यात कुठल्याही गावाच्या शिवारातून जाताना पाणी लागलेले बोर लांबूनच ओळखू येतात. लोंबती केबल, काळा पाइप, स्टार्टरची पेटी, आसपास दोन-चार पपया नाहीतर केळी. कोरडे गेलेले बोर दिसत नाहीत. त्यांच्या तोंडावर एक दगड ठेवलेला असतो. मालक जरा काळजीवाहू असेल तर केसिंगला टोपण. दोन पावसाळ्यांत गवत वाढतं आणि मग मालकाच्या सख्ख्या भावालाही नेमकी जागा सांगता येत नाही. मी भूशास्त्र शिकलो, पाण्याचे पॉइंट काढून देण्याचा धंदा धरला, आणि कित्येक वर्षं केबलवाले बोर तेवढे मोजत राहिलो.

ते कसं व्हायचं, बघा. मशीन लावायच्या आधी शेतकरी आम्हाला शिवार फिरवून आणतो. ‘ह्या बांधापलीकडं चुलत्याच्या बोरला दोन इंची पाणी हाय. तिकडं लिंबापाशी सरपंचाचा, उन्हाळाभर चालतो.’ मी वहीत टिपून घ्यायचो. चार जागा दाखवल्या, चारही चालू. मग मी मान हलवून म्हणायचो, भाग पाण्याचा दिसतोय. त्या चारांच्या मध्ये किती दगड गवतात पडलेत, हे मी विचारत नव्हतो आणि समोरचा आपणहून सांगत नव्हता. तो खोटं बोलत होता असं मुळीच नाही. कोरडा बोर म्हणजे घरातला दुखरा विषय असतो. सोसायटीचं कर्ज असतं, बायकोचा मोडलेला डाग असतो, भावाभावांत ‘तुझ्याच हट्टापायी’ झालेलं असतं. पाहुण्या माणसाला तो दाखवत कोण फिरेल? त्यातून मला तिथे आणलेलं असतं ते हुरूप वाटावा म्हणून.

अपुऱ्या माहितीवर अंदाज बांधायचा म्हणजे माहितीत इकडेतिकडे भोकं आहेत, ती अनुभवाने भरून काढायची, असं मी समजत होतो. भोकं इकडेतिकडे नव्हती. सगळी एकाच बाजूला होती.

आपल्याकडच्या खडकाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर हे सगळं नशिबाच्या गोष्टीसारखं वाटेल. महाराष्ट्राचा चारपंचमांशाहून जास्त भाग बेसॉल्टचा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा भेगांतून वर आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा दुसरा थर, पुन्हा तिसरा. प्रत्येक थराचा मधला भाग बहुधा टणक, काळा, पाण्याला वाव न देणारा. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला, पुढे त्या छिद्रांत पांढरी-हिरवी खनिजं भरलेला; त्याला आमच्याकडे मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मध्ये कधीकधी तांबड्या मातीचा पट्टा सापडतो. पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात, मांजऱ्यातल्या पोकळ्यांत आणि भेगांत. गंगेच्या मैदानासारखी सलग वाळू इथे नाही, की कुठेही भोक पाडा आणि पाणी घ्या. एका बोरला धार लागते आणि पन्नास फुटांवरच्या दुसऱ्यातून रात्रभर पांढरा धुरळा उडतो. म्हणजे ‘चुलत्याला लागलं’ ही माहिती खरी असली तरी ती आपल्या बांधाच्या अलीकडे फार लांबवर पोचत नाही.

माझी मोठी फजिती निलंग्याकडच्या एका माळावर झाली. मालक वयस्कर, सगळे त्यांना आबा म्हणत. खालच्या अंगाला तुरीचं रान, वर उजाड चढ. मी रेझिस्टिव्हिटीचं मशीन लावलं. हे मशीन दिसायला फार मोठं वाटतं, पण काम सरळ आहे: लोखंडी खुंट्या एका रेषेत जमिनीत ठोकायच्या, बाहेरच्या दोहोंतून वीज सोडायची, आतल्या दोहोंमध्ये किती दाब पडतो ते मोजायचं आणि बाहेरच्या खुंट्या लांब लांब नेत जायचं. अंतर वाढेल तशी वीज खोलवर जाऊन येते. टणक बेसॉल्टमध्ये रोधकता शेकड्यांत जाते. पाणी धरून असलेल्या झिजलेल्या खडकात ती वीस-चाळीस ओहम-मीटरवर उतरते. त्या दिवशी सत्तर-ऐंशी फुटांच्या सुमाराला आकडे असे काही घसरले, की मी कागद आबांच्या पुढे धरला. उतरती रेघ त्यांनाही दिसली. ‘म्हंजे हाय,’ ते म्हणाले. मी म्हणालो, ‘आबा, ऐंशी टक्के धरून चला.’

खातरी म्हणून वीसेक फूट बाजूला पुन्हा खुंट्या ठोकल्या. तिथेही तीच घसरण. मग मी ऐंशीचे नव्वद केले.

गाडी रात्री आली. आमच्याकडे येणाऱ्या बोरच्या कितीतरी गाड्या तामिळनाडूतल्या तिरुचेंगोडच्या; पोरं तिकडची, मोडक्या हिंदीत बोलणारी आणि कामाला वाघ. कॉम्प्रेसर सुरू झाला की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. वीस फुटांचा रॉड आत जाईल तशी एकेक ढिगारी बाजूला काढून ठेवायची: आधी मुरूम, मग करडा चुरा, मग काळा. सत्तर फुटांवर धुरळा बसला. आबांचा नातू ओरडलाच. पण भोकातून पाण्याचा फवारा आला नाही. तांबड्या मातीचे ओलसर गोळे आले, बोटाने दाबले की ठसा उमटेल असे. हातोडी चिकटायला लागली. गाडीवाल्याने हवा मारून भोक साफ केलं आणि खाली पुन्हा कोरडा काळा खडक सुरू झाला.

ओली चिकणमातीसुद्धा विजेला वाट देते. पाण्याच्या थराने जो आकडा दिला असता तोच त्या तांबड्या पट्ट्याने दिला होता. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, एमएस्सीच्या परीक्षेत मी ते लिहिलेलं होतं. माळावर उभं राहून जो प्रश्न विचारायचा तो मात्र विचारला नव्हता: पाणी नसतानाही असा आकडा किती वेळा येतो? मी एकच बाजू बघत होतो, की पाणी असलं की असा आकडा येतो. आणि वीस फुटांवरची ती दुसरी तपासणी! खाली एकच तांबडा पट्टा सलग पसरलेला असताना मी त्यालाच दोनदा विचारलं आणि दोन साक्षीदार मिळाले म्हणून खूश झालो.

पुढे घरी बसून हिशेब मांडला. आकडे सोयीसाठी गोल करतो. त्या माळासारख्या जागी शंभर बोर मारले तर, गवतातले दगड धरून, तीसेकांना कामापुरतं पाणी लागतं. त्या तीसांपैकी चोविसांच्या जागी माझं मशीन ‘चांगलं’ म्हणतं. छान. पण उरलेल्या सत्तर कोरड्यांपैकी अठ्ठावीसांच्या जागीही, मातीमुळे म्हणा, ओलीमुळे म्हणा, ते ‘चांगलं’च म्हणतं. म्हणजे ‘चांगलं’ आलेल्या जागा झाल्या बावन्न आणि त्यांतल्या पाण्याच्या चोवीस. निम्म्याहूनही कमी. मी आबांना ऐंशी सांगितले होते, कारण तीसांतले चोवीस मला दिसत होते आणि सत्तरांतले अठ्ठावीस दिसत नव्हते. हिशेबाची ही रीत काही नवी नाही. टॉमस बेज नावाचा इंग्लिश पाद्री 1761 मध्ये वारला. त्याच्या कागदांतलं हे गणित त्याच्या रिचर्ड प्राइस नावाच्या मित्राने 1763 मध्ये छापून आणलं. बेजचं सूत्र मला पाठ होतं. ते तुरीच्या रानात लागू होतं, एवढंच कधी सुचलं नव्हतं.

पण त्या रात्रीची खरी लाज वाटावी अशी गोष्ट याच्या पुढची. दोनशे फूट झाले. आबांनी माझ्याकडे पाहिलं. कायद्याचं बोलायचं तर महाराष्ट्राचा 2009 चा भूजल अधिनियम शेतीसाठी साठ मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल जाऊ देत नाही; शिवारात तो कोण पाळतं ते सगळ्यांना माहीत आहे. मी म्हणालो, ‘एवढं आलोय तर अजून शंभर बघू. आता लागायला हरकत नाही.’ ‘आता’ कशाच्या जोरावर? दोनशे फूट कोरडे गेले याचा अर्थ पाण्याची पाळी जवळ आली असा होत नाही. उलट आमच्या खडकात पाण्याचा मुख्य भरवसा वरच्या भागातच. खाली जावं तशा भेगा कमी आणि आवळलेल्या. प्रत्येक कोरड्या रॉडबरोबर शक्यता उतरत होती आणि गाडीवाल्याचा फुटामागचा दर मात्र टप्प्याटप्प्याने चढत होता. मी थांबा म्हणालो असतो तर माझा पॉइंट गेला हे तिथेच कबूल करावं लागलं असतं. आबांच्या पैशाने मी माझी कबुली शंभर फूट पुढे ढकलली. तीनशेवर गाडीवाल्यानेच खूण केली, बस.

आबा रागावले नाहीत. चहा पाजला. माझी फीसुद्धा दिली, मी नको म्हणत असताना. त्यांनी दोष दिला तो जागेला, नंतर ग्रहमानाला.

अशा प्रसंगांत पाणाड्यांची चेष्टा करण्याचा हक्क माणूस गमावतो. नारळ तळहातावर आडवा ठेवून चालणारे, जांभळाची बेचक्याची फांदी धरणारे, पायाळू माणसं: आमच्या जिल्ह्यांत यांना कामाची वानवा नाही. पुष्कळदा त्यांचा नारळ उभा राहतो तिथे खोलगट जागा असते, जवळ उंबर नाहीतर शिंदी असते. वराहमिहिराने बृहत्संहितेत झाडं आणि वारुळं यांवरून पाणी ओळखण्याचं अख्खं प्रकरण लिहिलंय. निरीक्षण हे आपल्याकडे जुनं आहे, नारळ वरचा. एका ओढ्याकाठच्या गावी नारळवाल्याचे दहातले सात बोर लागतात म्हणून लोक त्याला मानत. तिथे कुणीही डोळे मिटून बोर मारला असता तरी साधारण तेवढेच लागले असते. हे मी मोठ्या तोऱ्यात सांगायचो. मग लक्षात आलं, की माझे नावाजलेले पॉइंटही बरेचसे अशाच ओढ्याकाठच्या गावांतले आहेत. माळावरचे मी मोजलेच नव्हते.

म्हणून नीट वही घातली. तारीख, जागा, मी काय सांगितलं, काय निघालं. वही घातल्यावर कळलं, की ‘काय निघालं’ हा रकाना भरणंच सगळ्यांत अवघड. पाणी लागलं तर त्याच रात्री फोन येतो, पेढ्यांचं बोलणं होतं. कोरडा गेला तर फोन येत नाही, आपण केला तर उचलत नाहीत. कोऱ्या रकान्यांकडे मी बराच काळ ‘अजून कळायचंय’ म्हणून बघत होतो. ते कोरे नव्हते, भरलेले होते. नाराज माणसाच्या गप्प बसण्याला मी अजून माहिती मानत नव्हतो, एवढंच.

दुसरा घोळ ‘लागलं’ म्हणजे काय याचा. आमच्याकडे पाणी इंचांत मोजतात. पत्र्याला इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच पाडलेली असते, बोरमधून उसळलेलं पाणी तिच्यावरून काढायचं आणि खाचेत किती इंच उंची आली ते बघायचं. काटकोनी खाचेला एक इंच म्हणजे ताशी पाचशे लिटरच्या आसपास. दोन इंच म्हणजे हजार असं वाटतं; निघतात पावणेतीन-तीन हजार, कारण उंची वाढली की खाचेची रुंदीही वाढते. हे न सांगता मी ‘इंच-दीड इंच लागेल’ असं सैल बोलायचो, जसं काही त्या अर्ध्या इंचाने फार बिघडत नाही. बिघडतं. एका इंचावर घरचं पाणी आणि चार जनावरं भागतात, दीड इंचावर ठिबकवर थोडी भाजी निघते. शेतकरी त्या अर्ध्या इंचाच्या भरवशावर रोपं सांगून आलेला असतो.

आणि हे माप बोर मारल्या रात्रीचं. नोव्हेंबरात उसळलेलं पाणी मेमध्ये असतंच असं नाही. एखादी पोकळी भरलेली असते, उपसली की संपली, तिला मागून पुरवठा नसतो. मी एका उन्हाळ्यात जुन्या ‘यशस्वी’ बोरांवरून मुद्दाम फिरून आलो. कुठे मोटार दहा मिनिटांत हवा ओढत होती, कुठे केबल काढून घरी नेलेली. मेचा निकष लावला तेव्हा वहीतलं माझं यश जवळपास निम्म्यावर आलं. माझं मशीन तेच, खडक तोच. प्रश्न तेवढा बदलला होता, आणि शेतकऱ्याच्या मनात पहिल्यापासून तोच प्रश्न होता.

2016 चा उन्हाळा आठवतो. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिली गाडी आली तेव्हा डब्यांचे फोटो देशभर छापले गेले. त्या दिवसांत गावोगाव गाड्यांच्या रांगा होत्या. बोर मारायला जो तो घायकुतीला आलेला, आणि मीही घाईत एकामागून एक पॉइंट काढत होतो. अंदाज मात्र मागच्या बऱ्या वर्षांच्या वहीवरून सांगत होतो. भूजलाची पातळी खाली गेलेली, वरचे थर रिकामे. दहातले पाच लागायचे ते दोन-तीनवर आलेले. वही खरी होती, फक्त ती दुसऱ्या वर्षाची होती. ज्या वर्षी माणसाला एक फेल बोर सर्वांत कमी परवडणार होता, त्याच वर्षी माझे आकडे सर्वांत जास्त फुगलेले होते. त्यातल्या काही घरांकडे मी अजून गेलेलो नाही.

यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेलो. कुणी विचारलं की, ‘जमिनीखालचं काही सांगता येत नाही.’ वर ‘निसर्ग आहे’ हे पालुपद. फार सुरक्षित वाटायचं. औश्याजवळच्या एका गावात एका बाईंनी (नवरा गेल्यावर तीन एकर एकट्या बघत होत्या) माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘दादा, काही सांगता येत नाही हे मला बी माहीत होतं. तेवढ्यासाठी तुम्हाला कशाला बोलावलं असतं?’ याला उत्तर नव्हतं. ऐंशी टक्के म्हणून फसवणं वाईटच. पण तीस आणि साठ यांतला फरक मला कळत असताना तो खिशात ठेवणं, ही लबाडीच होती. त्यात मी कधीच चूक ठरत नव्हतो आणि त्या बाईंचा मात्र एक पैशाचा फायदा होत नव्हता.

टक्के सांगितले तर लोकांना कळत नाहीत, अशी माझी एक सबब होती. ती पोकळ निघाली. महसूल खात्याची पीक-पैसेवारी गावागावांत लागते, पन्नास पैशांच्या खाली आली तर टंचाईच्या सवलती. तिला लोक अजून आणेवारीच म्हणतात आणि शेचाळीस-बावन्नवरून तलाठ्याशी वाद घालतात. ‘काम चौदा आणे झालं’ हे बोलणं रोजचं. त्या बाईंना मी सांगितलं, ‘ताई, वरच्या माळाला चार आणे. विहिरीजवळच्या खोलगटात नऊ-दहा आणे, पण तेही मेपर्यंत टिकेल याचे सहाच.’ त्यांनी क्षणभर हिशेब केला आणि विचारलं, ‘आहे त्याच विहिरीत आडवे बोर घेतले तर?’ खर्च कितीतरी कमी, आणि विहिरीच्या एका बाजूला मांजऱ्याचा थर उघडा दिसत होता. मला ते आधी सुचायला हवं होतं. मी ‘बोर कुठे’ याच प्रश्नाचं उत्तर शोधत होतो. त्यांचा प्रश्न तीन एकरांना पाणी कुठून, हा होता. आडव्या बोरांना मी अकरा आणे म्हणालो. थोडंफार पाणी वाढलं, फार नाही.

आता चिठ्ठीवर मी तीन गोष्टी लिहून देतो: लागण्याचे आणे, मेपर्यंत टिकण्याचे आणे आणि किती फुटांवर गाडी बंद करायची. तिसरा आकडा गाडी यायच्या आधी ठरलेला पाहिजे, कारण कॉम्प्रेसरच्या आवाजात माझाही मेंदू चालत नाही हे मला समजलंय. शिवार फिरताना आधी दगड दाखवा म्हणतो. गावातला गाडीचा एजंट आणि चहाच्या टपरीवाला यांना मालकापेक्षा जास्त कोरडे बोर माहीत असतात.

वहीची आता पानं पाडलीत. चार आण्यांचं एक पान, आठ आण्यांचं एक, बारा आण्यांचं एक. चार आणे सांगितलेल्यांतले चारांत एकाच्या आसपास लागले पाहिजेत. त्याहून फार जास्त लागले तर मी लोकांना उगाच भिववतोय, एकही लागला नाही तर उगाच आशा लावतोय. बारा आण्यांच्या पानावर अजूनही मी खोटा पडतो, तिथले नऊ-दहा आण्यांइतकेच लागतात. जागा आवडली की हात सैल सुटतो, ही खोड गेलेली नाही. म्हणून हल्ली बारा म्हणावंसं वाटलं की चिठ्ठीवर दहा लिहितो. शास्त्र म्हणून हे ओबडधोबड आहे, पण शेतकऱ्याच्या पैशाला बरं पडतं.

मागच्या हंगामात रेणापूर तालुक्यात एकाला मी चार आणे लिहून दिले आणि मारू नका म्हणालो. त्याने मारला. दोन इंच लागलं आणि मेमध्येही चाललं. बाजारात भेटला की तो चार जणांत सांगतो, ‘हे साहेब नको म्हणत होते!’ सगळे हसतात. चार आण्यांच्या पानावर अधूनमधून असा एक लागलाच पाहिजे, नाहीतर ते पान खोटं, हे त्या घोळक्याला सांगायचा मी एकदा प्रयत्न केला. पोहे आले आणि विषय बदलला. त्याच्या बांधाला लागून असलेल्या शेजाऱ्यालाही यंदा बोर मारायचा आहे. त्याने मला बोलावलं नाही. नारळवाल्याला बोलावलंय.